दिवेलागण तपासणी

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या बाहेर एक फळा आहे. त्याचा वरचा अर्धा भाग नळाला पाणी सोडण्याच्या वेळेने कायमचा अडवलेला आहे. ती वेळ कुणी पाळत नाही, पण ती पुसायची हिंमतही कुणी करत नाही. त्यामुळे गावाला जे काही सांगायचं ते उरलेल्या अर्ध्या फळ्यात सांगावं लागतं. माझी सूचना मी घरून लिहून नेली होती, चांगल्या अक्षरात. ‘डेंग्यूची लागण झाली आहे किंवा नाही, याची नव्या दिव्याच्या यंत्राने तपासणी. शनिवारी सकाळी दहा वाजता, शाळेत.’ पंचायतीच्या शिपायाने ती वाचली, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, “लय लांब हाय, ताई. मी बसवतो.”

त्याने बसवली. ‘दिवेलागण तपासणी. शनिवारी. शाळेत.’

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. चमकणारे कण बनवते. हे वाक्य आजवर मी शंभर वेळा उच्चारलं असेल आणि शंभर वेळा समोरच्याने माझ्या ड्रेसकडे टिकल्या शोधत पाहिलंय. हे कण इतके लहान असतात की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांची गंमत अशी, की त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारा उजेड टाकला की ते दिसणारा हिरवा उजेड बाहेर टाकतात. साधा जांभळा उजेड टाकला तर रक्त चमकतं, कागद चमकतो, सगळेच चमकायला लागतात आणि कोण कुठला ते कळत नाही. न दिसणाऱ्या उजेडात मात्र बाकी सगळे गप्प बसतात, फक्त आमचे कण बोलतात. या कणांना आम्ही डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन धरून ठेवणारे हात चिकटवतो आणि ते कागदाच्या पट्टीत भरतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी डब्यात सरकवायची आणि डब्याच्या भोकातून बघायचं. भोकाला जाड काच आहे, ती न दिसणारा उजेड बाहेर येऊ देत नाही. वरची रेघ हिरवी दिसली तर पट्टी चालते आहे. खालचीही दिसली तर रक्तात डेंग्यू आहे. म्हणजे एक दिवा चांगला, दोन दिवे वाईट.

इतकं सोपं आहे. मला तरी तसं वाटत होतं.

आत्याला मात्र यात काहीच सोपं वाटलं नाही. मला तिनेच वाढवलं. बाबा मोहोपाड्याच्या कंपनीत शिफ्टला असायचे, त्यामुळे माझी शाळा, माझ्या वेण्या, माझा ताप हे सगळं आत्याचं खातं होतं. बाबा गेल्यावर त्या घरात ती एकटी राहते आणि मुंबईला यायचं नाव काढलं की जेवायचं सोडते. मी दर वेळी गावी गेले की ओटीवर पाय ठेवायच्या आत तिचा प्रश्न यायचा, “मग? मुंबईला जाऊन काय दिवे लावलेस?” पदवी मिळाली तेव्हा हाच प्रश्न. नोकरी लागली तेव्हाही. पहिल्यांदा माझ्या हातच्या बाटलीत हिरवा उजेड पडला, तेव्हा मी आनंदाने वेडी होऊन मोबाइलवर चित्रण करून तिला दाखवायला आणलं. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “एवढासाच? देव्हाऱ्यातली वात बरी की गं.”

मला राग लवकर येतो. हे वळण तिचंच आहे, हे ती मान्य करत नाही.

तर शनिवारी सकाळी दहाला मी शाळेत टेबल मांडून बसले. सोबत उपकेंद्राच्या सिस्टर होत्या, आमचा डबा होता आणि भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता होता. अकरा वाजले. कुणी आलं नाही. बारा वाजता एक कुत्रं येऊन दारात बसलं आणि गेलं. गौरी-गणपती होऊन पंधरवडाही झाला नव्हता, भात लोंबीला आलं होतं, घराघरात कुणी ना कुणी तापलेलं होतं आणि तरी एक माणूस फिरकत नव्हता. मी तणतणत पंचायतीत गेले. शिपाई शांतपणे फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “येतील ना. अजून टाइम हाय.”

“दहाची वेळ होती!”

“दिवेलागण लिवलंय ना ताई. मग येळ येगळी कशाला लिवायची?”

मी फळा पहिल्यांदा नीट वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी अख्खं गाव आलं. माणसं हातपाय धुऊन, बायका डोक्यावर पदर घेऊन, दोघी-तिघी तर आरतीला यावं तशा ताटात निरांजन घेऊन. शाळेबाहेर चपलांचा ढीग पडला. सिस्टर मला हळूच म्हणाल्या, “मॅडम, हे चपला काढून आलेत, आता काय?” मी म्हटलं, रक्त काढा.

रांगेत सगळ्यात पुढे आत्या. “माझ्या भाचीचं यंत्र हाय, पयला मान माझा,” असं तिने जाहीर केलं आणि कुणाची हरकत येण्याआधी बोट पुढे केलं. बोट गरम होतं. मी कपाळाला हात लावायला गेले तर तिने तो झटकला. “चुलीपाशी होते. तू तुजं काम कर.” तिच्याकडे गॅस येऊन कित्येक वर्षं झालीत.

मी पट्टी सरकवली, भोकाला डोळा लावला. वरची रेघ हिरवी. आणि खालची. फिकट नाही, संशयास्पद नाही, अगदी ठसठशीत.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते. पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. कितीएक महिने प्रयोगशाळेत आम्ही तयार केलेल्या नमुन्यांवर जे बघत होतो ते खऱ्या माणसाच्या रक्तात दिसलं होतं, आणि कसलं सुरेख दिसलं होतं. दुसऱ्या क्षणाला मला आठवलं की ते रक्त कुणाचं आहे, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“काय गं? लागला का?” आत्याने विचारलं.

“लागला,” मी म्हणाले. “दोन लागले.”

माझ्या या वाक्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. आमच्या भाषेत दिवा लागतो, निकाल लागतो आणि रोगही लागतो. पण मागे उभ्या असलेल्या गावाने त्यातला फक्त दिवा ऐकला. “दोन लागले! आत्याला दोन लागले!” ही बातमी रांगेतून दारापर्यंत आणि दारातून पारापर्यंत गेली. आत्याने मला बाजूला सारून भोकातून स्वतः पाहिलं. मग ती उठली, सावकाश, पदर सारखा करत, आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन अशी बसली की दोघींनी येऊन तिला वाकून नमस्कार केला.

मी घसा फोडून सांगत होते. एक लागला तर माणूस बरा आहे, दोन लागले तर आजारी आहे. आमचं यंत्र अजून परीक्षेला बसलेलं आहे, त्याच्या सांगण्यावर औषध द्यायचं नाही. ज्याला दोन लागतील त्याने कर्जतला दवाखान्यात जाऊन रीतसर तपासून घ्यायचं. सगळे माना डोलवत होते. कीर्तनात डोलवतात तशा.

पुढच्या बाईला एकच दिवा लागला. मी हसून म्हटलं, “अभिनंदन.” तिचा चेहरा पडला. “एकच? माजं काय चुकलं? मी चतुर्थीबी करते.” तिने दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. तिच्या नवऱ्यालाही एकच लागला तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला. पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत कुजबुज सुरू झाली की यंत्र भाचीचं आणि दोन दिवे आत्याला, म्हणजे यात काही तरी आहे. एकजण उघडच म्हणाला, “घरच्यांना दोन नि आमाला एक. बरोबर हाय मॅडम, चालू द्या.”

तेवढ्यात कुणीतरी भक्तिभावाने डब्याला हळदकुंकू वाहिलं. मी पट्टीवर थेंब घेत होते, माझं लक्ष नव्हतं. कुंकू बरोबर भोकाच्या काचेवर बसलं. पुढचा माणूस दूध घालणारा, धिप्पाड गडी. त्याने भोकाला डोळा लावला, काढला, पुन्हा लावला आणि मटकन बाकावर बसला.

“माझा दिवाच नाय,” तो म्हणाला.

त्याची बायको पुढे आली, तिने पाहिलं, आणि तिने हंबरडाच फोडला. सिस्टर तिला धरायला धावल्या. मी स्पिरिटचा बोळा घेऊन काच पुसत होते आणि ओरडत होते, “कुंकू आहे! अहो, कुंकू आहे नुसतं!” ते ऐकून ती जास्तच रडायला लागली, कारण तिला वाटलं मी तिच्या कुंकवाबद्दल बोलते आहे. काच साफ झाल्यावर त्या माणसाला धरून पुन्हा भोकाशी आणलं. वरची रेघ हिरवीगार होती. तो लहान मुलासारखा रडला आणि त्याने माझ्या डब्याला मिठी मारली. त्यानंतर त्या संध्याकाळी एक दिवा लागल्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

हा गोंधळ निवळत असताना वरच्या ठाकूरवाडीतून आलेली एक म्हातारी माझ्यापाशी आली. ती मघापासून भिंतीला टेकून सगळं बघत होती. तिने आत्याकडे बोट केलं आणि एवढंच म्हणाली, “तिला ताप हाय. बसलीय कशाला?”

अख्ख्या गावात माझं म्हणणं तिला एकटीला कळलं होतं.

दोन दिवे लागलेले, आत्यासकट, एकूण तिघं होते. बाकीचे दोघं सकाळी कर्जतला जातो म्हणाले आणि गेलेही. आत्या मात्र मला न विचारता घरी निघून गेली होती. मी आमच्या कामाची जीप घेऊन पाठोपाठ गेले. ती देव्हाऱ्यापुढे बसून वात सारखी करत होती आणि एवढ्या उकाड्यात तिने शाल पांघरली होती. मी थर्मामीटर जबरदस्तीने तोंडात कोंबला. बघितलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन दिवस ती तापात होती. तीन दिवस गवती चहाचा काढा पिऊन गप्प होती, कारण भाची यंत्र घेऊन येणार आणि तिच्या कामात खोडा नको.

“ऊठ. कर्जतला जायचंय.”

“आत्ता? रातीचं घराबाहेर कोण पडतं गं? आत्ताच वात लावलीय मी.”

“आत्या, तुला डेंग्यू आहे.”

“मला दोन दिवे लागलेत,” ती म्हणाली. डोळे लाल झाले होते, पण त्यात तोरा होता. “एवढी वर्सं विचारते, काय दिवे लावलेस. आज लावलेस, समद्या गावापुढं, नि तेबी माझ्यात. आन आता मला उचलून दवाखान्यात टाकतीस?”

मी तिला पट्टी समजावली, कण समजावले, न दिसणारा उजेड समजावला. ती मध्येच म्हणाली, “घरात दिवा लागल्याव माणसानं घर सोडू नये.” आणि माझा तोल गेला. मी ओरडले, “विझवायचाय तो दिवा! कळतंय का? विझवायला पाहिजे!”

आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. दिवा मालवतात, दिवा शांत करतात. लहानपणी एकदा वीज गेल्यावर कंदिलाबाबत मी तो शब्द बोलले होते, तेव्हा याच आत्याने माझ्या तोंडावर चापट मारली होती. आता मी तो देव्हाऱ्यासमोर, तेवत्या वातीपुढे, तिच्याच बाबतीत बोलले होते. मला रडू फुटलं.

“शांत,” मी म्हणाले. “शांत करायचाय. एक शांत करायचाय, आत्या.”

तिने पदराने माझे डोळे पुसले. मग विचारलं, “कंचा? वरचा का खालचा?”

“खालचा. वरचा तुझा आहे. खालचा डासाचा.”

“मग तसं बोलावं ना,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “शांत करायचा म्हंजे डॉक्टरच लागंल. पिशवीत माजं धुतलेलं लुगडं टाक.”

कर्जतच्या दवाखान्यात रीतसर तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला तेव्हा मी तिच्या खाटेशी बसले होते. मी तो आमच्या प्रयोगशाळेत कळवला, तो नियमच आहे. पाच मिनिटांत माझ्या साहेबांचा फोन आला. ते मनापासून खूश होते. “अभिनंदन! तुमच्या आत्यांचा निकाल जुळला!” मी “थँक्यू सर” म्हणाले. एका बाजूला सलाइन ठिबकत होतं आणि मी माझ्या आत्याला डेंग्यू झाल्याबद्दल आभार मानत होते. फोन ठेवल्यावर मला स्वतःच्याच एक थोबाडीत मारावीशी वाटली.

पुढचे तीन-चार दिवस वाईट गेले. ताप उतरला आणि डॉक्टर म्हणाले, आता खरी काळजी. रोज रक्त काढायचे आणि रोज प्लेटलेट खाली. चौथ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. प्रयोगशाळेत मी रोज रक्त हाताळते, पण त्या वाटीतलं गुलाबी पाणी बघून मी वाटी तशीच हातात घेऊन डॉक्टरांना हाका मारत धावले. ती गेली तर मला “काय दिवे लावलेस” असं विचारणारं या जगात कुणी उरणार नाही, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. तो प्रश्न मला जन्मभर टोचत आला होता, आणि आता मी तोच मागत होते. ती मात्र प्लेटलेटबद्दल कुणाला काही विचारत नव्हती. डॉक्टर फेरीला आले की डोळे उघडून मला विचारायची, “खालचा शांत झाला का?”

“होतोय,” मी सांगायचे.

डॉक्टरांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं की खालच्या मजल्यावरच्या कुणा नातेवाइकाबद्दल बोलतायत का या.

मग एका सकाळी आकडा थांबला. दुसऱ्या दिवशी वर चढला. आत्याने पेज मागितली, तीत मीठ कमी आहे म्हणून मला बोल लावले, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेला नावं ठेवली. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात मनसोक्त रडून आले.

घरी सोडायच्या दिवशी मी जीपमधून डबा वर आणला. दुसरा नमुना घेणं हा कामाचा भाग होता. तिने ओळखीच्या माणसासारखं बोट पुढे केलं. मी भोकातून पाहिलं, मग तिला पाहू दिलं. वरची रेघ हिरवी होती. खाली काही नव्हतं, नुसता कागद.

“एकच,” ती म्हणाली.

“एकच.”

“बरं झालं,” ती म्हणाली, पण जरा हिरमुसली होती हे मी बघितलं.

तेवढ्यात तिथल्या सिस्टर घरी सोडण्याचा कागद भरायला आल्या. पेशंटला कोण नेतंय, नातं काय, काय करतात, अशी रकान्यांची यादी होती. मी वापरलेली सुई टाकून देत होते, म्हणून उत्तरं आत्याच देत होती.

“ही माजी भाची.”

“काय करते?”

“दिवे लावते,” आत्या म्हणाली.

सिस्टर हसल्या. पेन थांबवून म्हणाल्या, “असं नका हो बोलू, मावशी. इतके दिवस बघतेय मी, किती करते ती तुमचं. जागची हलली नाही. कशाला तिला टोमणे मारता?”

आत्या गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. जन्मभर टोमणा म्हणून वापरलेलं वाक्य आज तिने पहिल्यांदाच सरळ म्हटलं होतं, आणि आता ते दुसऱ्या कशा शब्दांत सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. तिने सिस्टरांचा हात धरला.

“अगं टोमणा नाय गं बाय,” ती म्हणाली. “खरंच लावते. तू लिव.”